गारगोटीची कुळकथा

एखाद्याला काही केल्या समजत नसले म्हणजे आपण त्याला दगड म्हणतो. आणि एखाद्या मुलाने शिकूनसवरून नाव काढले म्हणजे त्याच्या गुणांना पैलू पडले असे म्हणतो. पैलू पडतात तेही दगडालाच, हे मात्र बोलताना आपल्या ध्यानात राहत नाही. दगडाची निंदा आणि दगडाचीच स्तुती अशी दोन्ही आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदत आहेत. ज्या गावांचे सारे अंगच काळ्या दगडाचे आहे, त्या अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथे राहणाऱ्या आपण बायकांनी या दगडाची कुळकथा एकदा ऐकून घ्यायला हरकत नाही.

हा विषय निवडण्याला एक कारण घडले. गेली काही वर्षे मी घराच्या मागच्या गॅलरीत दगड घासून त्यांना झिलई देण्याचा उद्योग करते. मुलांनी त्या गॅलरीला 'आईची खाण' असे नाव ठेवले आहे. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून घासलेले अकिकाचे खडे वाटले, तेव्हापासून काही भगिनींनी चौकशी सुरू केली. त्यातच यंदा एका व्यापाऱ्याचा निरोप आला की, मंडळाने मनावर घेतल्यास मण्यांचा कच्चा माल तो घरपोच देईल, लहान मोटारही देईल आणि घासलेल्या मालाचे नगावर पैसे चुकते करील. दुपारचा वेळ सत्कारणी लागेल, चार पैसे हाती येतील, म्हणून पुष्कळजणी उत्सुक आहेत. कार्यकारिणीने माझे मत विचारले. या धंद्याचा इतिहास पाहिल्यावाचून दिलेल्या मताला फारसा अर्थ नाही असे मला वाटले, म्हणून हा लेख.

कुळकथा म्हटली की मूळपुरुषापासून सुरुवात करावी लागते. आपल्या दगडाचा मूळपुरुष अग्नी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. त्याचा थिजून झालेला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. मलंगगडाचा सुळका, सह्याद्रीचे कडे, आपल्या घरांचे जोते आणि रस्त्यावरची खडी, सारे एकाच घराण्यातले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. भाकरीच्या पिठात हवा राहून पापुद्र्याखाली पोकळी व्हावी तशा त्या दगडात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे लक्षावधी वर्षे खडकातून पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर थराथराने बसत गेली आणि तिचाच अकीक झाला. थर पट्ट्यांचे असले तर अकीक, सरसकट एका रंगाचे असले तर कॅल्सिडोनी, लोहाने तांबूस झाले तर लाल अकीक, आणि मध्ये टोकदार स्फटिक उगवले तर ते क्वार्ट्झ. लहानपणी आपण अंधारात जिच्यावर ठिणगी पाडीत होतो ती गारगोटी याच कुळातली. रस्त्याच्या खडीत एखादा तुकडा पांढरा, मेणासारखा चमकताना दिसला तर समजावे की, आपल्या पायाखाली रत्नांचा गरीब नातेवाईक पडला आहे.

गरीब खरा, पण कणखर. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पायरी लावून दिली. तीत हिरा १०, माणिक आणि नीलम ज्या कुरुंदाचे प्रकार आहेत तो ९, पुष्कराज ८ आणि क्वार्ट्झ ७. अकीकही जवळपास त्याच पायरीवर बसतो. खिळ्याने किंवा चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. म्हणूनच माणसाने धातूच्या आधी त्याच्याशी मैत्री केली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे आणि पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जी उत्खनने केली, त्यांत तांब्याच्या काळातील शेतकऱ्यांची घरे सापडली. या लोकांपाशी तांबे थोडे होते. रोजच्या कापण्याचिरण्याला ते कॅल्सिडोनीच्या लांबट, धारदार पात्या वापरीत. त्याच दगडाच्या कुळातले मणी ते गळ्यात घालीत. विळीही तीच आणि दागिनाही तोच, अशी त्या घरातली व्यवस्था होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला स्वयंपाकघर आणि दागिन्यांचा डबा यांसाठी एकाच खडकाकडे जावे लागे.

पुढे हाच दगड परदेशी गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक समुद्रप्रवासाचे पुस्तक आहे. त्याचा अनामिक लेखक सांगतो की, भडोच बंदराच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर आहे. आणि पैठणाहून अकिकाच्या जातीचा दगड गाड्या भरभरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो. तगराहून कापड येते. याच पुस्तकात आपले कल्याणही आहे. कल्याण ही एकेकाळी रीतसर बाजारपेठ होती. पण नंतर तिच्यावर निर्बंध आले आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली, असे तो लिहितो. राजकारण्यांच्या भांडणात बाजार कसा बुडतो याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला. एरवी पैठणच्या गाड्या कदाचित आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यातूनच उतरल्या असत्या.

कल्याणचे नाव मात्र पुसले गेले नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे पुष्कळ दाते आहेत. त्यांत सामिदत नावाचा एक सोनार आहे. सोपाऱ्याचा नागपालित नावाचा मणिकार आहे. मणिकार म्हणजे मणी घडविणारा, रत्नांचा व्यवहार करणारा. ज्याने स्वतः दान दिले त्याचे नाव कातळावर राहिले. त्याच्याकडे मजुरीने मणी घासणारे कोण होते, त्यांत बायका किती होत्या, हे कातळ सांगत नाही. या कुळकथेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

हा केवळ पोटार्थी धंदा होता असेही नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत चौसष्ट कलांची जी यादी येते, तीत गाणे, चित्र काढणे, माळा गुंफणे यांच्या पंक्तीला रूप्यरत्नपरीक्षा आणि मणिरागाकरज्ञान अशा दोन कला आहेत. पहिली म्हणजे नाणी आणि रत्ने पारखणे. दुसरी म्हणजे मण्यांना रंग आणणे आणि त्यांच्या खाणी कोठे आहेत हे जाणणे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत २२ रत्ने सांगितली आहेत. त्यांतील रुधिर म्हणजे लाल अकीक असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेव्हा 'बायकांनी हे कसले भलते वेड घेतले' असे जे घरोघरी म्हटले जाते, त्याला उत्तर द्यायला आपल्याजवळ चांगला जुना आधार आहे.

मण्यांना रंग आणण्याच्या कलेचा अभ्यास एका मराठी विद्वानाने केला आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 'एच्ड बीड्स इन इंडिया' हा ग्रंथ १९४९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून प्रसिद्ध केला. लाल अकिकाच्या मण्यावर क्षाराच्या लेपाने नक्षी काढावयाची, मणी तापवावयाचा आणि गार झाल्यावर लेप निघून पांढरी रेघ दगडातच कायम राहावयाची, ही ती विद्या. पाच-पाच हजार वर्षे झाली तरी या रेघा धुऊन गेलेल्या नाहीत. सिंधू संस्कृतीतील असे मणी थेट इराकमधील उर या प्राचीन नगरीच्या राजघराण्याच्या कबरींत सापडले आहेत. गुजरातेत लोथल येथे १९५५ नंतर झालेल्या उत्खननात तर मणी करण्याचा कारखानाच उजेडात आला. आपल्याकडील मणी पाहावयाचे असतील तर तेर येथील लामतुरे संग्रहालयात जावे. गावच्या मातीत पावसाने उघडे पडलेले जुने सामान एका माणसाने आवडीने गोळा करीत राहावे आणि त्याचे पुढे सरकारी संग्रहालय व्हावे, ही छंदाची केवढी थोरवी!

आता आपल्या दारात येऊ. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली पुरे झाल्याचा शिलालेख आहे. शिलाहार राजा छित्तराज आणि त्याचा भाऊ मम्वाणि यांची नावे आपण त्या लेखामुळे घेतो. पण वालधुनीच्या काठी तो टणक काळा दगड टाकीने कोरून ज्यांनी त्याच्या मूर्ती केल्या, त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' असे आपण म्हणतो. त्या म्हणीतही घाव सोसणारा दगड आहे. टाकी धरून धूळ छातीत घेणारा माणूस नाही. पूर्वी 'पाट्याला टाकी लावायची का' अशी हाळी देत वडार समाजाच्या बाया दारोदार येत. त्यांच्याएवढी दगडाची ओळख आपणांपैकी कोणाला नव्हती. पण त्यांचे नाव विचारून घेणारी घरे किती होती?

मंदिरानंतर आठशे वर्षांनी या मुलखातील दगड पुन्हा एकदा जगापुढे आला तो आगगाडीमुळे. १८५४ साली गाडी कल्याणपर्यंत पोचली आणि १८५६ साली अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातून पुढे खोपोलीपर्यंत गेली. त्याच वर्षी बोरघाटाचे काम निघाले. घाटात २५ बोगदे खोदावे लागले. भर कामाच्या दिवसांत ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती आणि पटकी, इतर रोग आणि अपघात यांनी हजारो मजूर मेले. या कामाची एक हकीकत आपल्यासारख्या मंडळाने विसरू नये अशी आहे. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मायदेशी न परतता कंत्राट पुढे चालविले, जाणते व्यवस्थापक नेमले आणि १८६३ साली घाट गाडीला खुला झाला. पुण्याला जाताना कर्जतच्या पुढे बोगद्यातला अंधार आला म्हणजे या विधवा बाईची आठवण जरूर करावी.

बोगद्यांसाठी सुरुंग लावताना बेसाल्टच्या पोकळ्या फुटल्या आणि आतून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिकांचे घोस बाहेर पडले. ही झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची खनिजे. ती इंग्लंडच्या संग्रहालयांत गेली आणि दख्खनचे नाव खनिजप्रेमी मंडळींत गाजू लागले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतील निळ्याशार कॅव्हान्साइटने विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच केले. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे वैभव सांगायला नको. मात्र हे स्फटिक नाजूक आहेत. कठीणपणाच्या पायरीवर ते ४-५ च्या आसपास बसतात आणि चाकावर धरले की फुटतात. ते पाहावयाचे, घासावयाचे नाहीत. चाकावर घासण्यासाठी अकीकच घ्यावा.

अकीक घासण्याचे या देशातले माहेरघर म्हणजे खंबायत. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या बाजूला निघणारा दगड तेथे शेकडो वर्षे जात आला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा या पोर्तुगीज प्रवाशाने त्या खाणींचे वर्णन केले आहे. रतनपूरजवळ बाबा घोर या हबशी पिराची दरगाह असून अकिकाच्या धंद्याची परंपरा त्याच्याशी जोडली जाते. दगड आधी उन्हात वाळवितात; मग मातीच्या भांड्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. आचेने दगडातील लोहाचा रंग बदलून मळकट पिवळा खडा लालबुंद होतो. मग जमिनीत पुरलेल्या टोकदार लोखंडी सळईवर खडा टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने अलगद ठोकतात. कपचे उडून मण्याचा आकार येतो. त्यानंतर घासणे, हिऱ्याच्या कणीने भोक पाडणे आणि झिलई. पूर्वी मणी कातडी पिशवीत कुरुंदाच्या भुकटीसह भरीत आणि दोन माणसे ती पिशवी समोरासमोर बसून दिवसेंदिवस लोळवीत. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी या धंद्याची तपशीलवार पाहणी झाली आणि तिचे स्वतंत्र पुस्तकही निघाले.

पुढे विजेची मोटार आली. कामाला वेग आला आणि त्याबरोबरच घात झाला. कुरुंदाचे चाक मिनिटाला शेकडो फेरे घेऊ लागले. कोरडाच दगड धरला तर काम लवकर उरकते, म्हणून कोरडाच धरू लागले. धूळ घरात, पडवीत, गल्लीत पसरली. अकीक म्हणजे जवळजवळ सारी सिलिका. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जातात आणि तेथेच रुतून बसतात. त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी होतात, फुफ्फुस ताठर होत जाते आणि माणूस चार पावलांत धापा टाकू लागतो. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. क्षय अशा फुफ्फुसाला लवकर गाठतो; आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. खंबायतच्या अकीक कामगारांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली. रोग आढळला, आणि धूळ ओढून घेणारी साधनेही त्या संस्थेने सुचविली. मध्य प्रदेशात मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांचेही असेच झाले. आपण ज्या पेन्सिलीने अक्षर गिरविले ती कोणाच्या तरी श्वासातून आली होती.

परदेशातही याहून वेगळे घडले नाही. जर्मनीत इडार-ओबरस्टाइन हे गाव पंधराव्या शतकापासून अकिकासाठी प्रसिद्ध आहे. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या पुरुषभर उंचीच्या वालुकाश्माच्या चाकांपुढे कारागीर लाकडी घोडीवर पालथा पडून, पायाने मागे जोर देऊन दगड दाबून धरीत असे. छातीवर भार, खाली ओल आणि तोंडासमोर धूळ. त्यांच्यातही छातीचे दुखणे घरोघर असे. गावचा दगड सरत आल्यावर तेथून परदेशी गेलेल्या लोकांना एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये अकीक सापडला, तोही आपल्यासारख्याच लाव्ह्याच्या खडकात. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हे काम हौसेचे झाले. निवृत्त गृहस्थ आणि गृहिणी गॅरेजमध्ये चाके बसवून खडे घासू लागल्या. १९४७ साली त्यांच्यासाठी 'लॅपिडरी जर्नल' नावाचे मासिक निघाले. या हौशी मंडळींनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. त्यांच्या चाकावर सतत पाणी पडत असे.

हे पथ्य त्यांना परवडले आणि खंबायतच्या कारागिराला का परवडले नाही? माझ्या मते साऱ्या इतिहासाचे सार या प्रश्नात आहे. हौशी माणसाला घाई नसते. आज खडा झाला नाही तर उद्या होईल. नगावर मजुरी घेणाऱ्याला प्रत्येक मिनिटाचा हिशेब असतो. पाणी लावले की काम मंदावते, हात गारठतात, जमीन चिखलते आणि संध्याकाळी नग कमी भरतात. दगड तोच, चाक तेच. मजुरी देण्याची रीत बदलली की त्याच चाकातून रोग निघतो. कायद्याचे म्हणाल तर १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याजोगा रोग ठरविला होता. पण तो कायदा कारखान्याचा. पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, मूल मांडीवर घेऊन घासणाऱ्या बाईचे घर म्हणजे कारखाना नव्हे. घरी काम करणे सोयीचे म्हणून आपण आनंद मानतो, पण त्या सोयीमुळेच धूळ पाळण्यापर्यंत पोचते.

आपल्या भागाला घरगुती उद्योगाचे वावडे नाही. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेली सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर वसले. त्या पाच कॅम्पांतील बायकांनी पापड लाटून, लोणची घालून, शिवणकाम करून संसार उभे केले, हे आपण सर्वजणी जाणतो. मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचे लिज्जत पापड झाले. तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार असते. घरी बसून केलेले काम हलके नाही, हे या बायकांनी सिद्ध केले. मात्र त्यांच्या पिठाच्या धुळीने कोणाची छाती दगड झाली नाही आणि हिशेबाची वही त्यांच्या स्वतःच्या हाती होती. या दोन गोष्टी आपल्यापुढे आलेल्या प्रस्तावात नाहीत.

आता हा छंद घरी कसा करतात ते थोडक्यात सांगते. सर्वांत सोपी रीत पिंपाची. रबराच्या किंवा जाड प्लास्टिकच्या लहान पिंपात एकाच कठीणपणाचे खडे अर्ध्याहून थोडे अधिक भरावे, जाडसर कार्बोरंडम आणि खडे जेमतेम बुडतील इतके पाणी घालून झाकण घट्ट लावावे आणि लहान मोटारीने पिंप सावकाश, रात्रंदिवस लोळवावे. नदी जे काम हजारो वर्षांत करते ते येथे महिन्यात होते. सुमारे आठवड्याने खडे काढून स्वच्छ धुवावे आणि बारीक भुकटी घालावी. पुन्हा आठवड्याने त्याहून बारीक. शेवटी काच घासणारे वापरतात ते सेरियम ऑक्साइड. जाड भुकटीचा एक कण जरी पुढच्या खेपेत राहिला तरी सारी झिलई बिघडते. तांदूळ निवडणाऱ्या बाईला ही नजर शिकवावी लागत नाही. झिलई म्हणजे तरी काय? मोठा ओरखडा लहान करावयाचा, लहान त्याहून लहान, आणि शेवटी तो दिसेनासा झाला की दगड चमकतो.

अंगठीचा घुमटदार खडा करावयाचा असेल तर हिऱ्याच्या कणांच्या पातीने दगडाची चकती कापतात, तीवर आकार आखतात, लाकडी काडीच्या टोकाला लाखेने चकती चिकटवतात आणि चाकावर फिरवीत फिरवीत तिला घाट देतात. पैलू पाडणे ही पुढची इयत्ता. तेथे कोन मोजून धरावा लागतो, नाही तर प्रकाश आतून परत न फिरता खालून निघून जातो आणि खडा काचेसारखा मेला दिसतो.

पथ्ये मात्र सोप्या आणि अवघड दोन्ही रीतींना सारखीच. चाकावर पाणी नसेल तर मोटार सुरूच करू नये. पाणी आणि वीज शेजारी असल्यामुळे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. खाली साचलेला गाळ मोरीत ओतू नये. तो दगड होऊन मोरी तुंबवतो. तो सुकू देऊन केरसुणीने झाडणे तर सर्वांत वाईट, कारण सुकलेला गाळ म्हणजे पुन्हा तीच धूळ. ओल्या फडक्यानेच पुसावा. नाकाला पदर लावून भागत नाही. जे कण घातक असतात ते पदराच्या विणीतून सहज जातात. कामाचे कपडे वेगळे ठेवावे आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.

तेव्हा कार्यकारिणीला माझा सल्ला असा. नगावर मजुरीने मणी घासून देण्याचा प्रस्ताव मंडळाने नम्रपणे नाकारावा. चार पैशांची निकड आपल्यातील कित्येकींना आहे हे मी जाणते, आणि ती निकड खरी आहे. म्हणूनच नुसते 'नको' म्हणून थांबणे बरे नव्हे. मंडळाच्या खोलीत आठवड्यातून दोन दुपार दगडांचा वर्ग चालवावा. पिंपे आणि पाण्याचे चाक मंडळाच्या मालकीचे असावे, काम तेथेच व्हावे, घरी नेऊ नये. झालेले खडे पुरेसे जमले म्हणजे त्यांची पदके, कानातली, कागदावरची वजने करून प्रदर्शनात विकावी आणि पैसे काम करणारीच्या नावे जमा करावे. प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी असावी: दगड कोठला आणि घासला कोणी. नागपालिताचे नाव कातळावर राहिले, त्याच्याकडे घासणारीचे राहिले नाही. आपल्या मंडळात तरी तसे होऊ नये.

आणखी एक. बाजारात अकिकाची माळ घेताना आपण रंग पाहतो, भाव पाडतो. त्यापूर्वी दुकानदाराला एवढे विचारावे की हे मणी कोठे घासले आणि पाण्यात घासले की कोरडे. त्याला बहुधा उत्तर माहीत नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो पुढच्या वेळी माल देणाऱ्याला विचारील, आणि प्रश्न हळूहळू चाकापाशी बसलेल्या माणसापर्यंत पोचेल. वर्गासाठी ज्या भगिनींना नावे द्यावयाची असतील त्यांनी ती चिटणीसांकडे द्यावी. पहिले पिंप आणि भुकटीचे तीन डबे माझ्याकडून.